शब्दांच्या आठ जाती आणि पेढीची भाषा

नाशिकच्या अनेक व्यापारी कुटुंबांत पेढी सांभाळणारी पिढी मराठी शाळेतून घडली आणि तिची मुले इंग्रजी माध्यमात शिकत आहेत. मुलांच्या पुस्तकात ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ हे प्रकरण आले की पालक ते शिकवणीवर सोपवून मोकळे होतात. वस्तुतः हे प्रकरण त्यांना परके नाही.

नाउन म्हणजे नाम, प्रोनाउन सर्वनाम, अॅडजेक्टिव्ह विशेषण, व्हर्ब क्रियापद, अॅडव्हर्ब क्रियाविशेषण, प्रीपोझिशन शब्दयोगी अव्यय, कंजंक्शन उभयान्वयी अव्यय आणि इंटरजेक्शन केवलप्रयोगी अव्यय. हे साम्य योगायोगाचे नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्यासमोर होती.

मात्र दोन भेद ध्यानात ठेवावे लागतात. पहिला स्थानाचा. इंग्रजीत शब्दाची जात बहुधा त्याच्या जागेवरून ठरते. ‘बुक द ऑर्डर’ यात ‘बुक’ क्रियापद आहे आणि ‘ऑर्डर’ नाम. ‘ऑर्डर द बुक’ म्हणताच दोघांच्या भूमिका बदलतात. म्हणून सुटा शब्द दाखवून त्याची जात विचारू नये. वाक्यात तो कोणते काम करतो, हे विचारावे.

दुसरा भेद प्रीपोझिशनचा. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात, तर प्रीपोझिशन नामाच्या पुढे उभे राहते. ते चुकले तर व्यवहार बिघडतो. कांद्याचा भाव ‘बाय’ दोनशे रुपये उतरला, म्हणजे दोनशे रुपयांनी उतरला. ‘टू’ दोनशे उतरला, म्हणजे दोनशेवर आला. क्विंटलला दीड हजार भाव असेल, तर या एका लहानशा शब्दाने अकराशे रुपयांचे अंतर पडते.

जैन परंपरेला व्याकरण नवे नाही. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ रचले. त्याच्या आठ अध्यायांपैकी शेवटचा प्राकृत भाषांना वाहिलेला आहे. पाच समितींमध्ये भाषासमितीही आहे. मोजके, निर्दोष आणि विवेकाने बोलावे, हा तिचा आशय.

तेव्हा पेढीवर आलेले एखादे इंग्रजी पत्र सायंकाळी मुलांसमोर ठेवावे आणि त्यातील प्रत्येक शब्दाचे काम दोघांनी मिळून ओळखावे. मुलाचे व्याकरण पक्के होईल आणि पालकांना पत्रातील अटी नेमक्या उमगतील.