पडद्यावरचा मनाचा डॉक्टर

सिकंदराबादच्या सिंधी कॉलनीत १९९७ पासून ‘रोशनी’ ही संस्था आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या माणसांचं बोलणं ऐकून घेते. फोन उचलणारे स्वयंसेवक असतात, डॉक्टर नव्हेत. ते उपदेश करत नाहीत, समोरच्याला बोलू देतात. अशा ऐकण्यात कॅमेऱ्याने टिपावं असं फारसं काही घडत नाही, आणि आपल्या चित्रपटांची अडचण तिथेच सुरू होते.

पडद्यावरचा मानसोपचारतज्ज्ञ बहुधा गूढ उकलणारा असतो. १९९३ चा मल्याळम ‘मणिचित्रताळ’ भाषा बदलत बदलत २००७ मध्ये हिंदीत ‘भूलभुलैया’ झाला. डॉक्टर वाड्यात येतो, रहस्य शोधतो आणि मांत्रिकाला हाताशी धरून एका रात्रीत रुग्णाला मोकळं करतो. ‘खामोशी’तल्या (१९६९) परिचारिकेला तर उपचार म्हणून प्रेमाचं नाटकच करावं लागतं. त्यात तिचं स्वतःचं मन ढासळतं, हे तो चित्रपट टाळत नाही. त्याचं मोठेपण तेच. पण असा उपचार सांगणाऱ्या डॉक्टरला जाब विचारायला हवा होता, तो कोणी विचारत नाही.

हैदराबाद-सिकंदराबादेत एर्रगड्ड्याचं मनोरुग्णालय म्हटलं की लोक हसतात. पुण्यात येरवड्याचं तेच. त्या हशाच्या भीतीने घरं आजार लपवतात आणि उपचार लांबतात. म्हणून पडद्यावर मानसोपचार कसा दिसतो हा प्रश्न मला निव्वळ चित्रपटसमीक्षेचा वाटत नाही.

अभिनेते डॉ. मोहन आगाशे मात्र खरेखुरे मानसोपचारतज्ज्ञ; ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचारशास्त्र शिकवत. सिकंदराबादच्या तिरुमलगिरीत जन्मलेल्या श्याम बेनेगलांनी तेलंगणाच्या पार्श्वभूमीवरच्या ‘निशांत’मध्ये (१९७५) त्यांना जुलमी जमीनदाराच्या भावाची भूमिका दिली. पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या ‘अस्तु’मध्ये ते स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित झाले. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या ‘कासव’मध्ये ते सहनिर्माते होते, पडद्यावर मात्र डॉक्टर नव्हे, तर समुद्रकिनारी कासवं वाचवणारे दत्ताभाऊ. खचलेल्या तरुणाला आधार देते ती जानकी, जी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. रोज जेवायला वाढणं आणि प्रश्नांचा मारा न करणं, एवढंच ती सातत्याने करते. मानसोपचारतज्ज्ञ सहनिर्माता असलेल्या चित्रपटात माणूस सावरतो तो डॉक्टरच्या चमत्काराने नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

भावे-सुकथनकरांच्याच ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनियाचा भार बहिणीच्या संसारावर पडतो. ‘डिअर जिंदगी’तला (२०१६) गोव्यातला डॉक्टर वेळ संपली की सत्र थांबवतो आणि रुग्ण त्याच्यात गुंतू लागली की नम्रपणे दूर होतो. मर्यादा पाळणारा असा डॉक्टर हिंदी पडद्यावर क्वचितच दिसतो. पण त्याची प्रशस्त खोली किती जणांना परवडणार? सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नंबर लावून बसलेली आई, गोळ्या बंद केल्यावर उलटलेला आजार आणि काहीच न घडलेलं दहावं सत्र, हे सगळं मराठी मालिका लिहिणाऱ्यांनी अजून मनावर घ्यायचं आहे.