तळघर: ओल, हवा आणि थोडक्या खर्चातली सजावट

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस तळघराच्या रंगरंगोटीवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल. पण निवृत्तीनंतर जुने विद्यार्थी भेटतात ते काही शंकराचार्य किंवा कांट विचारायला येत नाहीत. ते म्हणतात, "सर, घराखाली एक खोली रिकामी पडलीय. थोडक्यात नीट करायची आहे. काय करू?" असा प्रश्न तीन-चार जणांनी विचारल्यावर मी गवंड्यांशी बोललो, थोडं वाचलं, चार तळघरं फिरून पाहिली. त्यातून जे हाती आलं ते आज सांगतो.

आधी एक फरक समजून घेऊ. तुमच्यापैकी ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडची बेसमेंट पाहिली असतील. गालिचा, सोफा, मोठा पडदा, मंडळाच्या नाटकाच्या तालमीसुद्धा तिथेच. तिकडे थंड प्रदेशात जमीन काही फूट खोल गोठते. गोठलेली ओली माती फुगते आणि घर उचलते, म्हणून पाया त्याच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर खोली करून टाका, असा तो हिशेब. आपल्याकडे जमीन गोठत नाही. त्यामुळे आपलं तळघर एक तर मुद्दाम खणलेलं असतं किंवा प्लॉट उतारावर असल्यामुळे आपोआप मिळालेलं असतं, म्हणजे एक बाजू मोकळी आणि तीन बाजू मातीत. कोल्हापूरच्या चढावरच्या वसाहतींत हा दुसरा प्रकार पुष्कळ आहे. आणि खरं सांगायचं तर कमी पैशात नीट होण्यासारखा तोच प्रकार आहे.

जमिनीखाली जागा करण्याची विद्या आपल्याला नवीन नाही. पन्हाळ्यावरची अंधारबाव पाहा. तीन मजले, सगळ्यात खाली विहीर, आणि वरच्या भागात माणसं राहू शकतील अशी हवा-उजेडाची सोय. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डे, तोंड बंद, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण तिथली माती आत पाणी येऊ देत नव्हती. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं निकामी झाली. पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिलेली जागा एका पुरात गेली. हे उदाहरण लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता मुद्द्याला येतो. तळघरावर खर्च करायला निघालेला माणूस पहिल्यांदा रंगाचं कार्ड बघतो. माझं म्हणणं, तुमच्याकडे शंभर रुपये असतील तर पहिले पन्नास पाण्यावर खर्च करा, वीस हवेवर, वीस विजेवर आणि उरलेल्या दहांत काय सजवायचं ते सजवा. हा आकडा कुठल्या ग्रंथात नाही, माझा अंदाज आहे. पण क्रम मात्र बदलू नका.

ओल दिसली की आपण म्हणतो, "भिंत पाणी धरतेय." हे कार्य झालं. कारण कोणतं? न्यायशास्त्रात एक साधी पद्धत आहे, अन्वय-व्यतिरेक. हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. भिंतीला लावून बघा. पाऊस पडला की दोन दिवसांत डाग वाढतो आणि उघडीप मिळाली की कमी होतो, तर पाणी बाहेरून येतंय: गच्चीचा पाइप भिंतीलगत सुटलाय, किंवा अंगणाचा उतार घराकडे आहे. पाऊस असो-नसो, भर एप्रिलमध्येसुद्धा डाग तेवढाच, तर पावसाचा हेतू तिथे व्यभिचारी झाला, म्हणजे पाऊस हे कारणच नव्हे. मग नळाची गळकी जोडणी, शेजारची पाण्याची टाकी किंवा ड्रेनेजचं चेंबर बघायचं. आणि डाग जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच आहे, वर भिंत कोरडी आहे, आणि पांढरा लोणा फुटलाय, तर पाणी खालून चढतंय. दिव्याची वात तेल वर ओढते तसं वीट आणि चुना-सिमेंट जमिनीतलं पाणी वर ओढतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, तो लोणा.

चौथी शक्यता लोक विसरतात. पाणी हवेतूनच येत असतं. उन्हाळ्यात तांब्यात गार पाणी ठेवलं की तांब्याला बाहेरून घाम येतो, तांब्या काही गळत नसतो. तळघराची भिंत मातीमुळे गार असते. जूनमध्ये दमट हवा आत आली की तिला टेकून हवेतल्या वाफेचं पाणी होतं. आता हे आणि खालून चढणारं पाणी वेगळं कसं ओळखायचं? हातभर जाड प्लास्टिकचा चौकोनी तुकडा घ्या, फरशीवर किंवा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला ओल आली तर जमिनीची. बाहेरच्या बाजूला आली तर हवेची. खर्च वीस-तीस रुपये. दोन्ही बाजूंना आली तर दोन्ही आजार आहेत. आणि आपण कोल्हापूरकर, तेव्हा आणखी एक यंत्र सांगतो: गुळाचा खडा. बशीत उघडा ठेवा. वरच्या मजल्यावर एक, तळघरात एक. खालचा आधी पाझरायला लागला तर तुमच्या पुस्तकांचं तिथे काय होईल ते कळलं.

कारण सापडलं की उपाय बहुतेक वेळा बाहेर असतो, आणि स्वस्त असतो. गच्चीचं पाणी पाइपाने भिंतीपासून पाच-सहा फूट लांब सोडणं. घराभोवती तीनेक फुटांचा कोबा, घरापासून बाहेर उतार देऊन. भिंतीला टेकलेली कुंड्यांची रांग आणि बागेचं आळं हलवणं. भिंतीबाहेर काळी माती असेल तर तिच्याशी मात्र जपून. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे भिंतीला दर वर्षी ढकलते आणि सोडते. शक्य असेल तिथे भिंतीलगतची काळी माती काढून मुरूम आणि खडी भरावी, तळाशी भोकाचा पाइप टाकून पाणी उताराकडे न्यावं. यात मजुरी आहे, पण एकदाच.

हे सोडून लोक आतून 'वॉटरप्रूफ' रंग मारतात. तुम्ही माठ पाहिलाय. पाणी भरलेल्या माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर पाझरायचं थांबेल का? पाणी रंगाच्या मागे साचेल आणि रंगाला फुगे येतील. भिंतीचं तेच आहे. मातीतलं पाणी बाहेरून आत येतंय आणि तुम्ही त्याच्या वाटेच्या शेवटच्या टोकाला कागद चिकटवताय. आतून करण्याची चांगली रसायनं आणि गिलावे आहेत, नाहीत असं नाही, पण ते जाणकाराचं काम आहे आणि बाहेरचा बंदोबस्त झाल्यावरचं आहे. आधीच केलं तर कुणीतरी तुम्हाला चुना लावला एवढाच त्याचा अर्थ.

खरा चुना मात्र जरूर लावा. तळघराच्या भिंतीला पुट्टी, प्लास्टिक पेंट, वॉलपेपर, पीओपी यांतलं काही नको. हे सगळे भिंतीचा श्वास कोंडतात, नाही तर स्वतःच पाणी पिऊन फुगतात. कळीचा चुना रात्रभर विरवायचा, फडक्याने गाळायचा आणि भिंत ओलसर करून पातळ दोन-तीन हात द्यायचे. चुना विरताना उकळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून पत्र्याच्या पिंपात, लांबून, मुलांना बाजूला ठेवून करा. चुन्यातून ओल बाहेर पडते आणि त्यावर बुरशी सहज धरत नाही. शिवाय पांढरा रंग उजेड परत फेकतो, तो फायदा वेगळाच. जुने पोपडे आधी खरवडून काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार परत भिंतीत गेले.

फरशीला आपली शहाबादी उत्तम. दिसायला साधी, खिशाला परवडणारी, ओल सोसणारी आणि पाणी आलंच तर पुसून मोकळी. लाकडी दिसणारं लॅमिनेट तिथे पाहिलं की मला घरमालकाची कीव येते. फर्निचरही लोखंडी किंवा दगडी पायांचं, भिंतीपासून तीन-चार बोटं सुटं. जुन्या बाजारातले लोखंडी रॅक रंगवून घेतले की कपाटांचा खर्च वाचतो. प्लायवूडचं कपाट भिंतीला ठोकून बसवलं तर दोन पावसाळ्यांनी त्याच्या पाठीमागे काय आहे ते पाहायची तुमची हिंमत होणार नाही.

हवेसाठी समोरासमोर दोन वाटा हव्यात, एक खाली, एक वर. उतारावरच्या घरात हे सोपं जातं. नसेल तर एक झरोका आणि समोर एक एक्झॉस्ट पंखा. पण पंखा कधी लावायचा हे कळलं पाहिजे. "हवा खेळती ठेवा" हे अर्धं सत्य आहे. नोव्हेंबर ते मार्च बाहेरची हवा कोरडी असते, तेव्हा सताड उघडा. भर आषाढात दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या तर तुम्ही ओल आमंत्रण देऊन आत बोलावताय. तेव्हा पाऊस थांबल्यावर थोडा वेळ, बस्स. आणि चार महिने तिथे ओले कपडे वाळत घालू नका. एवढं साधं वाटतं, पण कुबट वासाचं निम्मं कारण ती दोरीच असते.

विजेत काटकसर नको. बटणं आणि प्लग कमरेच्या वर, वायरिंग पाइपातून, तळघराची लाइन वेगळी, तिचा स्विच वरच्या मजल्यावर, आणि गळती झाली की क्षणात वीज तोडणारा आरसीसीबी. दिवे भिंतीकडे तोंड करून लावा. पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड खोली मोठी करतो. सजावट म्हणाल तर माझ्या मते एवढं पुरे: एक भिंत गेरूची, एक चटई, दोन वेताच्या खुर्च्या. घरातले जुने फोटो खाली टांगू नका. ते तिथे टिकत नाहीत.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो. खोली झाली. खाली कोण झोपणार? मला विचारणाऱ्या चौघांपैकी एकाला ती वडिलांसाठी हवी होती, आणि एकाला भाड्याने द्यायची होती, बाहेरगावच्या मुलांना. दोघेही भले लोक आहेत. पण नियम स्पष्ट आहे. २०२० साली आपल्या राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत तळघर सामान, वाहनं, यंत्रं अशा वापरासाठी आहे, राहण्यासाठी नाही. नियम बाजूला ठेवून गणित करू. दार आत उघडत नाही, बाहेर उघडतं असं धरा, आणि बाहेर पाणी साचलंय. तीन फूट रुंद दारावर एक फूट पाण्याचा दाब साधारण चाळीस किलो. दोन फुटांना तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, एकशे सत्तर किलोच्या आसपास. सत्तरीच्या माणसाने किंवा झोपेतून उठलेल्या मुलाने ते दार ढकलायचं? २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी गेले. ती जागासुद्धा सामान ठेवण्यासाठीच मंजूर होती.

आणि आपण तर पंचगंगेच्या काठचे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक या भागांत काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांत दोनदा. तेव्हा तुमचं घर पूररेषेच्या आत असेल तर माझा सल्ला कटू आहे: तळघरावर रंगाचासुद्धा खर्च करू नका, गाडी ठेवा. २००५ ला पाणी आलं नव्हतं, म्हणून येणार नाही, हे अनुमान हरिपूरच्या पेवांनीही केलं असतं.

एक-दोन प्रश्न आलेत.

पहिला, "पुरानंतर तळघरातलं पाणी लगेच उपसावं का?" नाही. बाहेरची माती तुडुंब भिजलेली असते. आतलं पाणी काढलं की बाहेरच्या दाबाला आतून टेकू राहत नाही. भिंत आत येते, फरशी उचलली जाते. बाहेरची पातळी उतरू द्या, मग रोज थोडं थोडं काढा. आणि वीज तोडल्याशिवाय पायरीसुद्धा उतरू नका.

दुसरा प्रश्न एका ताईंचा आहे. "सासऱ्यांची पुस्तकं वर मावत नाहीत, खाली नेली तर चालतील का?" ताई, घर उंचावर आहे का, गुळाचा खडा काय म्हणतो, हे आधी बघा. कोरडं असेल तर लोखंडी रॅकवर, खालचा कप्पा रिकामा ठेवून, भिंतीपासून सुटी ठेवा आणि महिन्यातून एकदा चाळा. नाही तर निम्मी वाचनालयाला द्या. पण कोणती द्यायची ते सासऱ्यांना विचारून. त्यांच्या पाठीमागे नको.