हिरवा तवंग आणि त्यातली जनुके

कासारवाडीजवळ पवनेवर पसरते ती जलपर्णी. ती फुलं येणारी वनस्पती. साचलेल्या पाण्यावरचा, रंग सांडल्यासारखा हिरवा तवंग निराळा. तो बहुधा सायनोबॅक्टेरियाचा.

• ओळख : रूढ नाव नीलहरित शैवाल, पण जात जिवाणूची. पेशीत केंद्रक नाही.

• मायक्रोसिस्टिन : यकृताला घातक विष. सात अमिनो आम्लांचं कडं. प्रथिनं रायबोसोमवर जोडली जातात. हे कडं मात्र रायबोसोमविना, अवाढव्य विकरांच्या साखळीवर घडतं. त्यासाठीची 10 जनुकं (एमसीवाय-ए ते जे) शेजारी-शेजारी, सुमारे 55 हजार बेसजोड्यांत. हा संच 2000 साली उलगडला. मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाच्या सर्वच वाणांत तो नसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली विषारी-बिनविषारी सारखेच दिसतात. पीसीआर चाचणीतून जनुक आहे का ते कळतं. विष किती, ते नाही.

• जिओस्मिन : पाण्याचा मातकट वास याचा. पहिल्या पावसातल्या मातीच्या वासातही हाच. विष नव्हे.

• मर्यादा : पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर लिटरला 1 मायक्रोग्रॅम (जागतिक आरोग्य संघटना, दीर्घकाळ वापरासाठी). उकळून विष जात नाही. पेशी फुटून उलट पाण्यात उतरतं.

• सायनोबॅक्टेरियातला पहिला पूर्ण वाचलेला जीनोम : सिनेकोसिस्टिस 6803, जपान, 1996.