‘माझा विषय आंतरविद्याशाखीय आहे’ असं म्हणण्याआधी

पेटची तयारी करणारे बरेच जण संशोधन आराखड्यात एक वाक्य हमखास लिहितात: ‘प्रस्तुत विषय आंतरविद्याशाखीय आहे.’ वाक्य वजनदार वाटतं. पण मुलाखतीत पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे नेमकं काय?’, आणि तिथे गाडी अडते. पीएचडीला किमान तीन वर्षं जातात, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर आधीच शोधलेलं बरं. आपण ते एका रोजच्या उदाहरणातून शोधू: ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यातली लोकलची गर्दी.

शेजारी बसणं आणि एकत्र काम करणं

मुंबई विद्यापीठाची दोन उपकेंद्रं याच पट्ट्यात आहेत. ठाण्यात बाळकुमला बीएमएस-एमबीए आणि बीबीए-एलएलबी हे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम चालतात, म्हणजे व्यवस्थापन आणि कायदा. कल्याणला स्कूल ऑफ इंजिनिअरिंग अँड अप्लाइड सायन्सेस आहे. दोन्ही स्टेशनांमधलं अंतर साधारण २० किलोमीटर.

समजा, या तिन्ही विषयांचे तीन संशोधक लोकलच्या गर्दीवर लिहायला बसले. अभियंता दोन गाड्यांमधलं अंतर, सिग्नल आणि डब्याची क्षमता मोजेल. व्यवस्थापनवाला वेळापत्रक आणि ऑफिसच्या वेळा बघेल. कायद्याचा अभ्यासक अपघातानंतरच्या नुकसानभरपाईवर लिहील. तिघांची तीन प्रकरणं एका कव्हरमध्ये बांधली, तर ते काम बहुविद्याशाखीय झालं. वाईट काहीच नाही त्यात. पण कुणाच्या उत्तरामुळे दुसऱ्याचा प्रश्न बदलला का? नाही. जिथे तो बदलतो, तिथे आंतरविद्याशाखीय संशोधन सुरू होतं.

‘प्रवासी’ म्हणजे कोण?

एकच शब्द घेऊ: प्रवासी. डब्याची रचना करणाऱ्या अभियंत्यासाठी प्रवासी म्हणजे जागा आणि वजन. मुंबईच्या लोकलसाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दप्रयोगच आहे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी.

नियोजन करणाऱ्यासाठी प्रवासी म्हणजे मागणी, आणि ती मोजायला हाताशी असतो तिकीट-पासचा डेटा. पण डोंबिवली ते सीएसएमटीचा मासिक पास काढणारा माणूस ८.१० ची गाडी पकडतो की ९.०५ ची, हे पास सांगत नाही. शिवाय डोंबिवलीचे कित्येक जण आधी उलट दिशेने कल्याणला जातात आणि तिथून सीट पकडून येतात. तुम्ही फक्त डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर माणसं मोजलीत, तर ही मंडळी मोजणीतून निसटतात आणि कल्याणच्या खात्यात जमा होतात.

कायद्यात तिसराच अर्थ. रेल्वे कायदा १९८९ नुसार प्रवासी म्हणजे वैध पास किंवा तिकीट घेऊन प्रवास करणारी व्यक्ती. गाडीतून चुकून खाली पडणं हे कलम १२३ नुसार ‘अनुचित घटना’ ठरतं आणि कलम १२४-अ नुसार, काही अपवाद सोडले तर, रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. मृत्यू झाल्यास ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. पण पडलेल्या माणसाच्या खिशात तिकीट सापडलंच नाही तर? रिना देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की, केवळ तिकीट न सापडल्यामुळे दावा फेटाळता येणार नाही. सुरुवातीची जबाबदारी दावेदाराची, ती त्याने प्रतिज्ञापत्र देऊन पार पाडली की पुढची रेल्वेची.

आता हे तीन अर्थ एकमेकांसमोर ठेवा. अभियंत्याच्या हिशेबात असलेला माणूस कायद्याच्या हिशेबात नसू शकतो. पासच्या डेटात डोंबिवलीचा असलेला माणूस गाडीत कल्याणहून बसलेला असतो. तुमचा प्रश्न आता ‘गर्दी किती?’ एवढा राहत नाही. ‘कोणाची मोजणी होते, कोणाची राहते, आणि राहिलेल्याचं काय होतं?’ असा तो होतो. हा प्रश्न तिघांपैकी एकाला एकट्याने सुचला नसता.

एक दार, तीन शास्त्रं

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं. बिगर-वातानुकूलित गाडीत दार बंद केलं तर हवेचं काय? म्हणून दारांना झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी रचना ठरली. इथपर्यंत अभियांत्रिकी.

पण दार बंद होईपर्यंत गाडी हलणार नाही. प्रत्येक स्टेशनावर काही सेकंद जास्त गेले, तर गर्दीच्या तासात फेऱ्या किती होतील? हा वेळापत्रकाचा प्रश्न. आणि जो आजवर लटकून का होईना जात होता, तो आता प्लॅटफॉर्मवर राहील. त्याचा लेटमार्क, कापलेला पगार, प्लॅटफॉर्मवरची चेंगराचेंगरी, हे नुकसान कुठल्या कायद्यात बसतं? सुरक्षित दाराचा अभ्यास फक्त दारापाशी थांबला, तर धोका कमी झाला की दुसरीकडे सरकला, हे कळणारच नाही.

मग तुम्ही काय कराल?

पहिलं, एक घर पक्कं ठेवा. आंतरविद्याशाखीय म्हणजे कुठलंच शास्त्र नीट न येणं नव्हे. पदवी एका विषयात मिळते, परीक्षक त्या विषयाचे असतात. मूळ पद्धत तिथली हवी. दुसऱ्या शास्त्राचं मात्र इतकं वाचा की, तिथला माणूस तुमच्याशी वाद घालू शकेल.

दुसरं, नियम वाचा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीनुसार आंतरविद्याशाखीय कामासाठी विभागाबाहेरचा, अगदी विद्यापीठाबाहेरचाही सहमार्गदर्शक घेता येतो. तो कोण असेल, याचा विचार प्रवेशाआधीच करा. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते. तिथे दुसऱ्या शास्त्रातल्या प्रश्नाला उत्तर देणारं कुणी तुमच्या बाजूला हवं.

तिसरं, शिकवणं टाळू नका. याच नियमावलीत संशोधकाला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा सहाय्यकाचं काम देण्याची तरतूद आहे. ‘वेळ जातो’ म्हणून अनेक जण कुरकुर करतात. पण व्यवस्थापनाच्या वर्गात ‘क्रश लोड’ समजावून पाहा. तुमची कुठली गृहीतकं फक्त तुमच्याच विभागात चालतात, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. आयआयटी मुंबईतल्या सितारा या केंद्रात, तंत्रज्ञान आणि विकास या विषयाच्या एमटेकमध्ये, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष गावात राहून काम करावं लागतं, त्यामागेही हाच विचार आहे: प्रश्न आधी, विषयाचं नाव नंतर.

आता तुमचा आराखडा काढा. त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द निवडा आणि दोन वेगवेगळ्या शास्त्रांत त्याचा अर्थ काय, ते प्रत्येकी तीन ओळींत लिहा. दोन्ही अर्थ सारखेच निघाले, तर ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द सरळ खोडा. एका शास्त्रातलं नेटकं कामही तितकंच मोलाचं असतं. अर्थ वेगळे निघाले आणि त्या फरकाने तुमचा प्रश्न हलला, तर मुलाखतीला जाताना तो फरकच आधी सांगा.