गोधडीवर नाव घालताना

आजचा विषय ऐकायला बारीक वाटेल. गोधडीच्या मागच्या अंगाला कोपऱ्यात लावायची कापडाची पट्टी, म्हणजे लेबल. ते कशाचं करायचं, त्यावर काय लिहायचं, कसं टाचायचं, आणि मुळात ते हवंच कशाला, एवढंच आज आपण बघणार आहोत. उदाहरणं बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली घेऊ. तिथं घरोघरी गोधडी शिवली जाते आणि अलीकडे ती विकायलाही निघाली आहे.

सुरुवात 'कशाला'पासूनच करू, कारण गावात बायकांशी बोलायला बसलं की हा प्रश्न हमखास येतो. 'गोधडीला नाव कशाला? थंडी काय नाव वाचून जाती व्हय?' प्रश्न रास्त आहे. घरात वापरायच्या गोधडीला नाव लागत नव्हतं, कारण ती कुणी शिवली हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. आत्याची, थोरल्या आजीची, मामीची असं बोलण्यातच नाव असायचं. पण दोन पिढ्या गेल्या, घर पुण्याला हाललं, वाटण्या झाल्या, की तीच गोधडी 'जुनी गोधडी' होते. नाव बोलण्यात होतं, कापडावर नव्हतं. बोलणारी माणसं गेली की नाव गेलं. विकलेल्या गोधडीचं तर पहिल्याच दिवशी हे होतं. ती दुकानात पोचते तेव्हा दुकानाचं नाव असतं, किंमत असते, आणि शिवणारीच्या जागी नुसतं 'हाताने शिवलेली' असं असतं. हात कुणाचा, ते नाही.

आता गंमत बघा. वस्तूवर नाव घालायची सवय मराठी घराला नवी नाही. आपल्या फडताळातला कुठलाही जुना पितळी डबा किंवा स्टीलचं ताट उलटं करा. 'चि. सौ. कां. अमुक हिस विवाहप्रसंगी तमुक यांजकडून सप्रेम भेट', आणि खाली तारीख. भांड्यांच्या दुकानात यंत्राच्या सुईनं टिकटिक करत हे कोरून मिळायचं, अजूनही मिळतं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशासाठी दिलं, कधी दिलं, असा चार गोष्टींचा पक्का मजकूर आहे तो. आम्हाला वाटतं, गोधडीच्या लेबलाचा नमुना शोधायला दुसरीकडे जायचं कारणच नाही. फक्त एक फरक आहे. भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, घडवणाऱ्या तांबटाचं नसतं. गोधडीत देणारी आणि घडवणारी बहुतेकदा एकच बाई असते. म्हणजे इथं नाव घालायला कारण दुप्पट आहे, आणि तरी इथंच ते नाही.

बाहेर हे झालेलं आहे. बंगालातली कांथा ही आपल्या गोधडीची बहीणच. जुन्या मऊ कापडाचे थर आणि त्यावर धावदोरा. कोलकात्याजवळच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या बाईनं ती वडिलांसाठी केली आणि तसं दोऱ्यानं तीवर लिहूनही ठेवलं. तेवढ्या अक्षरांमुळे आज आपण तिचं नाव घेतो. अमेरिकेत केंटकी राज्यात १९८१ साली लोकांच्या घरातल्या जुन्या गोधड्यांची पद्धतशीर नोंद करायला घेतली आणि मग एकेक करत इतर राज्यांनीही ते काम हाती घेतलं. कापड आणि टाका बघून काळाचा अंदाज करता येतो. शिवणारी कोण हे कापड सांगत नाही.

आता मजकुराकडे येऊ. पहिली अडचण नावाचीच येते. बाईचं नाव लिहायचं म्हणजे कोणतं? तिचं, नवऱ्याचं, आडनाव, या क्रमानं लिहायची सवय आहे. पण पहिलटकरणीच्या बाळाची दुपटी शिवते बाळाची आजी, आईची आई; तिथं माहेरचं गाव महत्त्वाचं. काहींना 'सौ.' हवं असतं. नवरा गेलेली बाई 'श्रीमती' लिहायला सांगते, किंवा नकोच म्हणते. आमचं मत असं की उपाधी शक्यतो घालू नये. लेबल पन्नास वर्षं राहणार, उपाधी बदलते. पण हे मत शिवणारीवर लादायचं नाही; तिला विचारायचं, आणि ती सांगेल ते लिहायचं. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या बाळाच्या नावात सरकारी कागदावर आईचं नाव बाळाच्या नावानंतर लगेच येतं. कागदानं ते मान्य केलं आहे, तर दुपट्याला काय हरकत?

जी बाई दुसऱ्यासाठी मजुरीवर शिवते तिचं काय? विकणाऱ्याला भीती असते की नाव कळलं तर गिऱ्हाईक परस्पर तिच्याकडे जाईल. ही भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय आहे. लेबलवर नाव आणि गाव घालायचं, फोन नंबर घालायचा नाही. नंबर तसाही घालू नये. तो बदलतो, आणि बाईचा नंबर अनोळखी घरांत फिरत राहणं बरंही नाही. पण नावच नको म्हणणाऱ्या विकणाऱ्याला आम्ही एवढंच विचारू की 'हाताने शिवलेली' म्हणून जी जादा किंमत तुम्ही लावता, ती कुणाच्या हाताची आहे?

गावाचं नाव लिहिताना तालुका आणि जिल्हा दोन्ही लिहा. हे उगीच नाही. नुसतं 'इंदापूर' लिहिलं तर रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातही इंदापूर आहे. नुसतं 'कळंब' लिहिलं तर इंदापूर तालुक्यातलं, आंबेगावातलं की धाराशिवकडचं? वालचंदनगर, निमगाव केतकी यांना ही अडचण नाही. आणि भीमाकाठच्या गावांची आणखी एक गोष्ट आहे. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, पाणी चढलं, गावं उठून वर आली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं. अशा घरात धरणाआधीची गोधडी असेल तर लेबलवर 'जुने गाव, धरणात गेलेले' असं आवर्जून लिहावं. ज्या ओसरीवर बसून ती शिवली ती ओसरी आता पाण्यात आहे; कापड मात्र कोरडं, तुमच्या हातात आहे.

त्यानंतर कापड. वर काय, आत काय, अस्तर कशाचं. 'वर इरकली लुगडं, आत धोतराचे दोन थर' एवढं पुरतं. घरच्या गोधडीत हे कापड कुणाचं होतं तेही लिहा. गेलेल्या माणसाचं धोतर, आईचं लुगडं गोधडीत घालायची रीत आहेच, आणि पुढच्या पिढीला खरी ऊब त्या ओळीचीच वाटणार आहे. विकायच्या गोधडीत कापड नवं की वापरलेलं हे खरं लिहायचं. जुनं सुती कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, तोच गोधडीचा गुण. लपवण्यासारखं त्यात काही नाही. मात्र आत पॉलिस्टरच्या साड्या भरल्या असतील तर 'शुद्ध सुती' म्हणू नका. तसंच 'हातमाग' हा शब्दही जपून वापरा. हातमाग चिन्ह हातमागावर विणलेल्या कापडासाठी असतं. गोधडी हातानं शिवलेली असते, ते वेगळं काम आहे.

शेवटी महिना, वर्ष आणि माप फुटांत. झालं.

किंमत या लेबलवर नको. गोधडी पिशवीत बंद करून विकायची तर वैधमापनाचे २०११ चे नियम लागू होतात. करणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग व माप, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं पॅकिंगवर लागतं. ते पुठ्ठ्याच्या कार्डावर किंवा पिशवीवर छापा. गिऱ्हाईक ते फाडून टाकणारच आहे. कापडी लेबल गोधडीबरोबर राहायला आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

आता करायचं कसं. इथं खरी परीक्षा एकच, ती म्हणजे दसरा. नवरात्राआधी आपल्याकडे 'दसरा काढतात', म्हणजे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर, कालव्यावर नेऊन धुतात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही एवढी जड होते. ती आपटली जाते, तुडवली जाते, पिळली जाते, मग दिवसभर कडक उन्हात पडते. हे सोसेल तेच लेबल.

बॉलपेन यात टिकत नाही, जेलपेन तर पहिल्याच पाण्यात पसरतं. कापडावर टिकणारी रंगद्रव्याची पक्की शाई मिळते, त्या पेननं मांजरपाटाच्या तुकड्यावर लिहायचं. मांजरपाट आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर नंतर लेबल आकसून गोधडीला चुण्या पडतात. लिहिताना कापड सरकतं, म्हणून खाली काचकागद ठेवा, खरखरीत बाजू वर. दिवसभर वाळू द्या, मागून गरम इस्त्री फिरवा. आणि आधी एका चिंधीवर लिहून ती चिंधी चार वेळा सोड्यात धुऊन बघा. पेनच्या डबीवर काय लिहिलंय त्यापेक्षा या चिंधीवर विश्वास ठेवा.

पक्क्या खुणेचं जुनं ज्ञानही आपल्याकडे आहे. परीट लोक कपड्यांवर बिब्ब्याच्या रसानं खूण करायचे आणि चुना लावून ती पक्की करायचे. काळी खूण बसायची, ती भट्टीतही जायची नाही. कोणता कपडा कोणाचा, हे ओळखायची ती पद्धत. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच समाजाकडे ही शाईची विद्या होती. पण गोधडीला बिब्बा वापरा असं आम्ही सांगणार नाही. बिब्बा उततो, कातडीला फोड येतात. लेकराच्या अंगावर घ्यायच्या वस्तूला तो नको.

सगळ्यात टिकाऊ म्हणजे दोऱ्यानं लिहिणं. मोठी अक्षरं साखळी टाक्यानं, बारीक उलट्या टिपेनं. देवनागरीची एक सोय आहे. शब्दाची सगळी अक्षरं आधी भरून घ्यायची आणि शेवटी शिरोरेघ एका दमात ओढायची. ओळ आपोआप सरळ दिसते. अनुस्वाराला गाठीचा टाका. जोडाक्षरात मात्र दोरा गुंततो. 'ज्ञानेश्वरी' नावाच्या बाईनं पेनच घ्यावं, असं आम्ही गमतीनं म्हणतो. विणून किंवा छापून आलेली लेबलं स्वस्त पडतात, पण ती एकसारखी शेकड्यांनी येतात. त्यात गटाचं नाव बसतं, बाईचं नाही. तसं करायचंच असेल तर छापील पट्टीवर एक ओळ कोरी ठेवून घ्या, आणि तिथं शिवणारीनं स्वतः सही करावी. अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

लावायचं कुठं? इंग्रजी पुस्तकं सांगतात, मागच्या बाजूला खालचा कोपरा. आपल्याकडे हे चालत नाही, आणि का चालत नाही ते पुस्तकवाल्यांना कळणार नाही. खालचा कोपरा म्हणजे पायथा. अक्षराला पाय लागू द्यायचा नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. शिवाय निम्म्या बायकांची नावं देवाची. विठाबाई, जनाबाई, रुक्मिणी ही नावं पायाशी कशी ठेवणार? म्हणून लेबल उशाकडच्या कोपऱ्यात, मागच्या अंगाला. याचा एक फायदाही होतो, रात्री अंधारात चाचपून उशाकडची बाजू कळते.

नवी गोधडी असेल तर लेबल अस्तरावर आधीच टाचा आणि मग थर रचा. गोधडीचा धावदोरा कडेनं सुरू होऊन चौकोनात आत आत येतो. तो लेबलवरूनही जाऊ द्या, फक्त दोन ओळींच्या मधल्या जागेतून. मग ते लेबल उसवायला कुणालाही सगळे थर उसवावे लागतील. तयार गोधडीला लावायचं तर कडा पाव इंच आत दुमडून बारीक तुरपाई घाला आणि टाका फक्त अस्तरातून घ्या, वर येऊ देऊ नका.

घरातल्या जुन्या, नाव नसलेल्या गोधड्यांनाही लेबल लावता येतं. तिथं ठाऊक आहे तेवढंच लिहायचं. 'बहुधा पणजीने, सणसर, ता. इंदापूर', किंवा नुसतं 'शिवणारी ठाऊक नाही, मिळाली आत्याकडून', आणि लेबल लावल्याचं वर्ष वेगळं. अंदाज असेल तर 'बहुधा' हा शब्द गाळू नका. आणि जीर्ण गोधडीवर टाका घालण्याआधी कापड ताणून बघा. विरलं असेल तर लेबल गोधडीला नको, ती ज्या पिशवीत ठेवता त्या पिशवीला लावा. हे काम घटस्थापनेच्या आधी पंधरा दिवस काढलंत तर बरं. तेव्हा गोधड्या तशाही बाहेर निघतात, आणि कोणती कुणाची हे सांगणारं एखादं माणूस घरात असतं.