हाडांचे वय, दातांचे वय

माणूस नेमका कधी मोठा होतो, या प्रश्नाचे उत्तर शरीराचा प्रत्येक भाग वेगळे देतो. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. ती आहे तोवर उंची वाढते. मग इस्ट्रोजेनच्या प्रभावाने, मुलग्यांमध्येसुद्धा, तिचे हाड होऊन वाढ थांबते. कोपराजवळची पट्टी पौगंडावस्थेतच मिटते, तर कॉलरबोनचे छातीकडचे टोक पंचविशीच्या आसपास जुळते.

ही दीर्घ वाट पूर्वजांच्या नशिबी नसावी. १९८४ साली केनियात तुर्काना सरोवराजवळ कामोया किमेउ यांना कवटीचा एक लहानसा तुकडा दिसला आणि पुढे जवळजवळ अख्खा सांगाडा हाती आला. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा हा होमो इरेक्टस मुलगा. आजच्या मुलांच्या मापाने हाडे पाहिली तर तो बारा-तेरा वर्षांचा वाटतो. दातांच्या एनॅमलमध्ये मात्र वाढीच्या काळात रोज एक सूक्ष्म रेघ उमटते. त्या हिशेबाने तो जेमतेम आठ वर्षांचा! म्हणजे त्याचे शरीर आजच्या मुलांपेक्षा लवकर वाढत होते.

आजच्या मुलांची वाढ रेंगाळते, कारण मेंदू खर्चिक आहे. पाचव्या वर्षाच्या सुमारास विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी जवळपास दोन-तृतीयांश एकटा मेंदू वापरतो, म्हणून शरीराची वाढ मंदावते. ही उधारी वयात येताना झपाट्याने फिटते. मेंदूचा कपाळामागचा, सारासार विचाराचा भाग त्यानंतरही विशीभर घडत राहतो.