यशाच्या पुस्तकांची पारख

उद्योगातील यश, वेळेचे नियोजन आणि पैशाचे व्यवस्थापन या तीन विषयांवरील पुस्तके ग्रंथप्रदर्शनात सहसा एकाच टेबलावर मांडलेली असतात आणि वाचकही ती एकाच जातीची समजून विकत घेतो. वास्तविक या तिघांत एक महत्त्वाचा फरक आहे. पैशाविषयीचा सल्ला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतो, वेळेविषयीचा सल्ला दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींवर घासून पाहता येतो, उद्योगातील यशाची कहाणी मात्र वाचकाला स्वतः तपासता येत नाही, कारण ती घडून गेलेली असते आणि बहुधा जिंकलेल्यानेच सांगितलेली असते. त्यामुळे काय वाचावे हे ठरवताना पुस्तकाचा खप किंवा लेखकाची श्रीमंती यांपेक्षा त्यातील विधान वाचकाला कितपत तपासता येते, ही कसोटी अधिक उपयोगी पडते, आणि ती लावली की काही गाजलेली नावे मागे पडतात व काही रुक्ष वाटणारी पुढे येतात.

या वाङ्मयाचा वंश जुना आहे. अमेरिकेतील मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या पंचांगवजा वार्षिकातील काटकसरीची वचने एकत्र करून १७५८ मध्ये 'द वे टू वेल्थ' हा मजकूर सिद्ध केला, तर स्कॉटिश लेखक सॅम्युएल स्माइल्स यांचे 'सेल्फ-हेल्प' १८५९ मध्ये निघाले आणि १८७१ मध्ये त्याचे जपानी भाषांतर होऊन मेइजी काळातील तरुणांनी ते आवडीने वाचले. मराठीत स्माइल्सच्याही आधी, १८४९ मध्ये, लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचे अर्थशास्त्राची तत्त्वे सांगणारे 'लक्ष्मीज्ञान' प्रसिद्ध झाले होते, आणि त्याच सुमारास 'प्रभाकर' पत्रातील शतपत्रांतून ते उद्यमाकडे पाठ फिरवणाऱ्या समाजाला धारेवर धरत होते. पुढे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्याच्या हेतूने निघालेले ते पत्र बघता बघता मध्यमवर्गीय घराघरांत वाचले जाऊ लागले. मराठी माणूस उद्योगावर काही वाचतच नव्हता, ही नेहमीची तक्रार म्हणूनच अर्धवट खरी आहे.

पैशाच्या पुस्तकांत पहिल्या वाचनासाठी जॉर्ज क्लेसन यांचे 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन' अजूनही चालते. १९२० च्या दशकात अमेरिकेतील बँका व विमा कंपन्या ग्राहकांना वाटत असलेल्या छोट्या पुस्तिकांतून ते तयार झाले आणि त्याचे सार एवढेच आहे की मिळकतीचा किमान दहावा हिस्सा खर्चाला हात लावण्यापूर्वीच बाजूला काढावा. हेच तत्त्व भारतीय पगारदाराच्या भाषेत मोनिका हलन यांनी 'लेट्स टॉक मनी' या २०१८ च्या पुस्तकात अधिक नेमकेपणाने मांडले आहे: पगार एका खात्यात जमा व्हावा, महिन्याच्या खर्चापुरती रक्कम दुसऱ्या खात्यात आणि बचतीची रक्कम तिसऱ्या खात्यात लगेच वळती व्हावी, म्हणजे महिनाअखेरीस जे उरेल ते साठवू या भाबड्या आशेवर काही अवलंबून राहत नाही. विमा आणि गुंतवणूक यांची गल्लत करू नये, हा त्यांचा दुसरा आग्रहही मराठी घरांनी मनावर घेण्यासारखा आहे, कारण ओळखीच्या एजंटाच्या भिडेपोटी घेतलेल्या पॉलिसीत संरक्षण अपुरे आणि परतावाही तुटपुंजा, अशी अवस्था अनेकदा आढळते. कमावत्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच रक्कम देणारा आणि म्हणून कमी हप्त्यात मोठे संरक्षण पुरवणारा मुदत विमा वेगळा घ्यावा व गुंतवणूक वेगळी करावी, हा त्यावरचा साधा तोडगा होय.

गुंतवणुकीच्या प्रांतात बेंजामिन ग्रॅहॅम यांच्या १९४९ मधील 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर'ला अद्याप तोड नाही. १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळणीत स्वतः पोळलेल्या या लेखकाने गुंतवणूक आणि सट्टा यांच्यामधील रेषा पहिल्याच प्रकरणात आखली आणि अखेरच्या प्रकरणात सुरक्षेचे अंतर ही कल्पना समजावली. शेअरचे आपण काढलेले मूल्य आणि त्यासाठी मोजलेली किंमत यांत एवढी फट ठेवावी की आपला अंदाज चुकला तरी मुद्दल शाबूत राहावे, असा तिचा अर्थ. या पुस्तकाचे मोठेपण मात्र नंतरच्या आवृत्तीला जोडलेल्या उपसंहारात अधिक दिसते. १९४८ मध्ये ग्रॅहॅम आणि त्यांच्या भागीदाराने गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला होता, आणि त्या एका व्यवहाराचा नफा अनेक वर्षे काटेकोर नियमांनी केलेल्या बाकी सर्व व्यवहारांच्या एकत्रित नफ्याहूनही जास्त भरला, हे त्यांनी स्वतःचे नाव न घेता, पण काहीही न लपवता, नोंदवले आहे. आपल्या यशात योगायोगाचा वाटा किती होता हे सांगणारा लेखक या क्षेत्रात विरळा, आणि तो भेटला की त्याच्या बाकीच्या म्हणण्यावरही विश्वास ठेवावासा वाटतो.

ज्याला कंपन्यांचे ताळेबंद चाळण्याइतका वेळ नाही, त्याच्यासाठी बर्टन मॅल्किएल यांचे 'अ रँडम वॉक डाउन वॉल स्ट्रीट' हे १९७३ चे पुस्तक आहे. बाजारावर सातत्याने मात करणे तज्ज्ञांनाही साधत नाही, तेव्हा संपूर्ण बाजाराचा निर्देशांक जसाच्या तसा धरून ठेवणारा स्वस्त फंड सामान्य माणसाला पुरेसा आहे, असे त्यात प्रतिपादन केले आहे; जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड कंपनीने १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड प्रत्यक्षात आणला. स्वस्त या विशेषणाचे वजन आकड्यांतूनच कळते. दरमहा ५,००० रुपये २५ वर्षे गुंतवले आणि उदाहरणापुरता वार्षिक १२ टक्के परतावा धरला, तर अखेरीस सुमारे ९४ लाख रुपये जमतात. व्यवस्थापन-शुल्कापोटी परताव्याच्या या बारा टक्क्यांतील फक्त एक टक्का दरवर्षी कमी झाला, तर हाच आकडा सुमारे ७९ लाखांवर येतो. फरक १५ लाखांचा, म्हणजे गुंतवणूकदाराने पंचवीस वर्षांत स्वतःच्या खिशातून भरलेल्या एकूण रकमेएवढा आहे. हे गणित मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवरही करून पाहता येते, आणि झटपट श्रीमंतीच्या पुस्तकांत नेमके तेच सापडत नाही. अशा पुस्तकांच्या व चित्रफितींच्या नादाने वायदे-बाजारात उतरणाऱ्यांनी सेबी या नियामक संस्थेचा सप्टेंबर २०२४ मधील अभ्यास अवश्य वाचावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे त्यात आढळले.

वेळेच्या बाबतीत पुस्तकांची गर्दी मोठी आणि विचार मोजके, अशी स्थिती आहे. त्या मोजक्या विचारांचे मूळ पाहायचे असेल तर पीटर ड्रकर यांचे १९६७ मधील 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' हे छोटेखानी पुस्तक पुरते. कामांची यादी करण्यापासून सुरुवात करू नये, वेळ प्रत्यक्षात कुठे जातो याच्या नोंदीपासून करावी, आणि ती नोंद स्मरणाने मागाहून न लिहिता त्या त्या वेळी करावी, असे ड्रकर बजावतात. नोंद हाती आल्यावर प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारायचे असतात: हे काम केलेच नाही तर काय बिघडेल, ते दुसरे कोणी तितक्याच चांगल्या प्रकारे करू शकेल काय, आणि आपल्या वागण्यामुळे इतरांचा वेळ कुठे वाया जातो. तिसरा प्रश्न टोचणारा असतो. दुकानाचा मालक प्रत्येक बिलावर स्वतःची सही हवी असा हट्ट धरतो तेव्हा काउंटरवरचे चार जण आणि दारातला टेम्पोवाला त्याची वाट पाहत ताटकळतात, आणि मालकाच्या डायरीत मात्र ती पाच मिनिटेच दिसतात. अशा नोंदींतून वाचलेले सुटे क्षण एकत्र करून दोन-तीन तासांचे अखंड तुकडे तयार करावेत, कारण महत्त्वाचे काम तुकड्यातुकड्यांनी होत नाही, ही ड्रकर यांची पुढची पायरी. एकाग्र कामावरील अलीकडच्या पुष्कळशा पुस्तकांनी याच पायरीचा विस्तार केलेला दिसतो.

डेव्हिड ॲलन यांची 'गेटिंग थिंग्ज डन' ही २००१ मधील पद्धत, म्हणजे डोक्यातील सर्व कामे कागदावर उतरवून प्रत्येकाची पुढची प्रत्यक्ष कृती ठरवणे, विसराळू माणसाला उपयोगी आहे, पण याद्यांची निगा राखणे हाच उद्योग होऊन बसण्याचा धोका तिच्यात आहे. त्यावर उतारा म्हणून सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांचा १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये आलेला निबंध वाचावा. हाताशी जेवढा वेळ असेल तेवढे काम फुगते, हा त्यातील सिद्धान्त त्यांनी ब्रिटिश नौदलाच्या आकड्यांनी सजवला होता. १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, आणि नौदलाच्या कचेरीतील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. फ्रँकलिन यांनीही आत्मचरित्रात कबूल केले आहे की स्वतःसाठी नेमलेल्या तेरा सद्गुणांपैकी सुव्यवस्था हा गुण त्यांना सर्वांत जड गेला, ही गोष्ट वेळापत्रक कोलमडलेल्या वाचकाला थोडा दिलासा देईल.

उद्योगयशाच्या पुस्तकांपाशी आल्यावर मात्र वाचकाने सावध व्हावे. जिम कॉलिन्स यांच्या 'गुड टू ग्रेट' या २००१ च्या पुस्तकात १,४३५ कंपन्यांतून निवडलेल्या ११ असामान्य कंपन्यांच्या यशाची सूत्रे दिली होती. त्यांपैकी सर्किट सिटी ही विक्रीसाखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि फॅनी मे ही गृहकर्ज-संस्था त्याच वर्षी अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. कॉलिन्स यांचे कष्ट खोटे नव्हते, तथापि निष्कर्षांच्या मुळाशी एक दोष होता, आणि तो फिल रोझेनझ्वाइग यांनी 'द हेलो इफेक्ट' या २००७ मधील पुस्तकात उलगडून दाखवला. कंपनी नफ्यात असली की तिचा प्रमुख द्रष्टा आणि कर्मचारी निष्ठावंत वाटतात, आणि तीच कंपनी गाळात गेली की तोच प्रमुख हेकट व तेच कर्मचारी गाफील ठरतात. म्हणजे यशाची म्हणून सांगितलेली कारणे पुष्कळदा यशाच्या उजेडात दिसलेली लक्षणे असतात. शिवाय त्याच सूत्रांनी चालूनही बुडालेल्या कंपन्यांकडे कोणी मुलाखत घ्यायला जात नाही. नेपोलियन हिल यांच्या १९३७ मधील 'थिंक अँड ग्रो रिच'मागे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्याशी झालेल्या भेटीची कथा सांगितली जाते, पण तिला स्वतंत्र पुरावा मिळालेला नाही. अशी पुस्तके उमेद देत असतील तर तेवढ्यापुरती वाचावीत, त्यांवर भांडवल लावू नये.

लहान कारखानदाराच्या हाती देण्याजोगे पुस्तक म्हणजे एलियाहू गोल्डरॅट यांचे १९८४ मधील 'द गोल', आणि ती चक्क कादंबरी आहे. बंद पडण्याच्या बेतात असलेल्या कारखान्याचा व्यवस्थापक हळूहळू समजून घेतो की प्रत्येक यंत्र सतत चालू ठेवण्याच्या अट्टहासाने फक्त अर्धवट मालाचे ढीग वाढतात, संपूर्ण कारखान्याचा वेग त्यातील एकाच अडलेल्या टप्प्यावर ठरतो, आणि त्या टप्प्यावर वाया गेलेला तास हा सबंध कारखान्याचा वाया गेलेला तास असतो. भोसरीतील किंवा शिरोलीतील वर्कशॉपचा मालक हे आपल्या शेडमध्ये दुसऱ्याच दिवशी पडताळू शकतो. त्याच्या जोडीला खेळते भांडवल, म्हणजे कच्चा माल घेतल्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंत अडकून पडणारी रक्कम, समजून घेण्यासाठी स्वतःची कीर्द आणि खतावणीच वाचावी लागते. दहा लाखांच्या ऑर्डरवर दीड लाख नफा कागदावर दिसतो, पण पोलाद-पुरवठादाराला पंधरा दिवसांत पैसे द्यायचे आणि मोठ्या गिऱ्हाइकाकडून नव्वद दिवसांनी यायचे असतील, तर मधल्या पंच्याहत्तर दिवसांचे पगार आणि विजेचे बिल कर्जातूनच भागवावे लागते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. मोठे गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने तिचा आधार घ्यायला उद्योजक कचरतो, ही गोष्ट निराळी.

उरतात ती अपयशाची पुस्तके, आणि ती फार थोडी आहेत. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचे 'द स्कॅम' हे १९९३ मधील पुस्तक त्यांत अग्रणी मानावे लागेल. शेअर दलाल हर्षद मेहता यांच्या प्रकरणाची उत्कंठावर्धक हकीगत म्हणून ते वाचले जाते, पण त्याचा खरा उपयोग बँक रिसीट नावाच्या साध्या कागदाचे यंत्र समजण्यात आहे. सरकारी रोखे विकणारी बँक ते लगेच सुपूर्द न करता केवळ पावती देत असे, आणि त्या पावतीमागे रोखे आहेतच असे गृहीत धरून घेणारी बँक पैसे मोकळे करीत असे. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक या छोट्या बँकांनी पाठीशी रोखे नसताना अशा पावत्या दिल्या, त्यांच्या बळावर बँकांचा पैसा दलालांच्या खात्यांत वळला आणि १९९२ मध्ये तो डोलारा कोसळला. कागदामागची वस्तू कोणी पाहिली आहे काय, हा जो प्रश्न तेव्हा बड्या बँकांना सुचला नाही, तोच प्रश्न कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घेताना सामान्य भागधारकाला विचारता येतो. गुळगुळीत कागदावरील अध्यक्षांचे निवेदन शेवटी ठेवावे, आधी लेखापरीक्षकाचा अभिप्राय पाहावा, मग नफ्याचा आकडा रोख-प्रवाहाच्या पत्रकाशी ताडून पाहावा, आणि त्यानंतर बारीक टाइपातील टिपांमध्ये संचालकांच्या नातेवाइकांशी व त्यांच्या अन्य कंपन्यांशी झालेले व्यवहार शोधावेत. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांचे हे अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात.